‘प्रभूने सांगितलंय’ म्हटल्यावर बोलायचं काय?

पत्र: आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. दोन मुलं आहेत, अकरा आणि सात वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी नवरा पहाटेच्या प्रार्थनेतून उठला आणि म्हणाला, प्रभू माझ्याशी बोलला. शब्द होते, ‘हे सगळं सोड आणि माझ्यामागे ये.’ आठवडाभरात त्याने ठरवून टाकलं: नोकरी सोडायची, घर विकायचं, पूर्णवेळ सेवेत उतरायचं. पुढे एका प्रार्थनासभेत बाहेरून आलेल्या प्रवचनकारांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून ‘तुझं पाचारण, देवाचं बोलावणं, खरं आहे’ असं सांगितलं. घराच्या पैशांतला पहिला वाटा त्यांच्या सेवेत ‘बीज’ म्हणून पेर, असंही सांगितलं. आमचे पाळक म्हणतात, प्रकटीकरण, म्हणजे देवाने माणसाला नवं काही उघड करणं, प्रेषितांबरोबर संपलं, देव आता असा बोलत नाही. नवरा म्हणतो, पाळकांनी आत्मा विझवलाय. मी काही विचारलं की एकच उत्तर: ‘देवाने सांगितलंय, आता चर्चा कशाची?’ मला मात्र काहीच ऐकू आलेलं नाही. देव आजही बोलतो का? बोलत असेल तर माझ्याशी का नाही? आणि मी नवऱ्याला अडवलं तर ते देवालाच अडवणं होईल का?

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानेच उडवली असणार. नाही, विचारणं म्हणजे देवाला अडवणं नव्हे. तुमची समजूत काढायची म्हणून मी हे म्हणत नाही. पवित्र शास्त्रात अशाच एका घरातली गोष्ट आहे, आणि उपदेशात ती फारशी सांगितली जात नाही.

शास्ते या पुस्तकाचा तेरावा अध्याय आज रात्री काढून वाचा. शमशोनाच्या जन्माआधीची गोष्ट आहे. त्याच्या वडिलांचं नाव मानोहा. आईचं नाव शास्त्रात लिहिलेलंच नाही. घरात मूल नव्हतं. परमेश्वराचा दूत आला तो तिच्याकडे, नवरा जवळ नसताना. तुला मुलगा होईल, तो गर्भापासूनच देवाला वाहिलेला असेल, त्याच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, तूही द्राक्षारस घ्यायचा नाही, असं त्याने तिला सांगितलं. ती नवऱ्याला सगळं जसंच्या तसं सांगते आणि वर सांगते की तो कुठला हे मी विचारलं नाही, त्यानेही आपलं नाव सांगितलं नाही. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. तिला जेवढं ठाऊक होतं तेवढंच तिने सांगितलं, उरलेल्या जागा मनाने भरल्या नाहीत.

आता मानोहा काय करतो ते बघा. तो बायकोला खोटं पाडत नाही. ‘तू म्हणतेस तर तसं’ म्हणून मोकळाही होत नाही. तो प्रार्थनेला बसतो आणि मागतो की तू पाठवलेला तो माणूस आमच्याकडे पुन्हा येऊ दे, होणाऱ्या मुलासाठी काय करायचं ते आम्हाला शिकवू दे. लगेच पुढे लिहिलंय, देवाने मानोहाचं ऐकलं. दूत पुन्हा आला, आणि तोही पुन्हा तिच्याकडेच, ती शेतात बसलेली असताना. ती धावत जाऊन नवऱ्याला घेऊन आली. मानोहाने दूताला समोरासमोर विचारलं, या बाईशी बोललास तो तूच का? मग आणखी प्रश्न विचारले, नावसुद्धा विचारलं. ‘चर्चा कशाची’ असं तो दूत एकदाही म्हणाला नाही.

वेदीच्या ज्वाळेतून दूत वर गेल्यावर मानोहा घाबरला. आपण देवाला पाहिलं, आता आपण नक्की मरणार, असं म्हणू लागला. तेव्हा बायकोने त्याला सावरलं. देवाला आपल्याला मारायचंच असतं तर त्याने आपलं अर्पण स्वीकारलं नसतं, आणि हे सगळं दाखवलंही नसतं. इतकं मोठं दर्शन घडल्यावरही कुणाला तरी डोकं शांत ठेवून त्याचा अर्थ लावावा लागला.

तुमच्या घरी ऐकणारा नवरा आहे आणि मानोहाच्या जागी तुम्ही आहात, एवढाच फरक. मानोहाची प्रार्थना तुम्ही करू शकता, मोठ्याने, नवऱ्याच्या शेजारी बसून: ‘प्रभू, तू यांच्याशी बोललास असं हे म्हणतात. आमच्याकडे पुन्हा ये आणि आम्हाला शिकव.’ ही प्रार्थना ऐकून त्यांना राग आला, तर तो राग देवाचा नाही हे तुम्हाला कळेल.

‘माझ्याशी का नाही?’ या प्रश्नात मला तुमचं दुखणं दिसतं. तुम्हाला वाटतं, आपला विश्वास कमी पडला. पण शास्त्रात देव अनेकदा एकाला आधी सांगतो आणि दुसऱ्याला त्याच्या वेळेनुसार. देवदूत गब्रिएल मरीयेला भेटला म्हणून योसेफाने मुकाट्याने सगळं मान्य करावं, अशी अपेक्षा देवाने ठेवली नाही. योसेफ अस्वस्थ होता, मनात वेगळाच विचार करत होता, आणि त्याला त्याचं वेगळं स्वप्न पडलं. दिमिष्काच्या वाटेवर शौलाला, म्हणजे पुढच्या प्रेषित पौलाला, प्रकाश दिसला, पण इकडे हनन्या नावाच्या शिष्यालाही दर्शन झालं. हनन्याने तर तिथल्या तिथे शंका काढली की या माणसाने तुझ्या लोकांचं किती वाईट केलंय ते मी ऐकलंय. कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याला देवदूत दिसला आणि पेत्राला छपरावर वेगळं दर्शन झालं. ज्याच्या आयुष्यावर त्या शब्दाचा भार पडणार, त्याला देव वाऱ्यावर सोडत नाही. घर विकण्याचा भार तुमच्यावर आणि दोन मुलांवर पडणार आहे. तुम्हाला अजून काही कळलेलं नाही, ही गोष्टही त्या निर्णयात धरावी लागेल.

आता पाळक आणि नवरा यांच्यातला वाद. देव आजही प्रकट करतो का?

या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पहिला असा की तारणासाठी जे कळायला हवं त्यात नवी भर पडते का? दुसरा, देव आजच्या माणसाला वाट दाखवतो का? पहिल्या प्रश्नावर बहुतेक मंडळ्यांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राची सुरुवातच अशी आहे की देव पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे वेगवेगळ्या प्रकारे बोलला आणि या शेवटच्या काळात पुत्राच्या द्वारे बोलला. सोळाव्या शतकातल्या क्रूसाच्या संत योहानाने यावर लिहिलं, त्याचा आशय असा: देवाने पुत्राच्या रूपाने आपलं सगळं बोलणं एकदाच बोलून टाकलं, आता कुणी नवं दर्शन मागत असेल तर त्याचे डोळे ख्रिस्तावरून हललेत. हा माणूस स्वतः खोल प्रार्थनेत बुडालेला होता, म्हणून त्याच्या तोंडून हे ऐकताना मला जास्त वजन जाणवतं. प्रॉटेस्टंटांमध्ये १६४०च्या दशकात वेस्टमिन्स्टरला तयार झालेल्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलंय की शास्त्रात आत्म्याच्या नव्या प्रकटीकरणांची भर कधीही घालायची नाही. कॅथलिक मंडळीने १९६५ साली व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेत हेच सांगितलं: प्रभूच्या पुनरागमनापर्यंत नवं सार्वजनिक, म्हणजे सगळ्यांसाठीचं, प्रकटीकरण अपेक्षित नाही. तुमचे पाळक या भिंतीला पाठ लावून उभे आहेत, आणि ती भिंत भक्कम आहे.

सगळेच असं मानत नाहीत, हेही सांगायला हवं. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली स्थापन केलेल्या मंडळीत, ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात, देव आजही आपल्या मंडळीला नवं प्रकट करतो अशी श्रद्धा आहे. त्यांचे वेगळे ग्रंथ इतर मंडळ्या स्वीकारत नाहीत. पण त्यांच्याकडेही शिस्त आहे: सगळ्या मंडळीसाठीचा शब्द फक्त अध्यक्षांकडे येतो, घरासाठीचा आईवडिलांकडे, आणि कुणाला दुसऱ्याच्या अधिकारातलं प्रकटीकरण मिळत नाही. म्हणजे चालू प्रकटीकरण ज्यांच्या श्रद्धेच्या गाभ्याशी आहे, त्यांच्या नियमाप्रमाणेही बाहेरच्या प्रवचनकाराने तुमच्या घराबद्दल हुकूम देणं बसत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र पाळकांचं ‘देव आता असा बोलत नाही’ हे मला घाईचं वाटतं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने लिहून ठेवलंय की प्रत्येक काळात संदेश मिळालेली माणसं होती. नवी शिकवण आणायला नव्हे, तर माणसांच्या वागण्याला दिशा द्यायला. १६२०मध्ये हॉलंडहून अमेरिकेला निघालेल्या आपल्या मंडळीतल्या लोकांना निरोप देताना पाळक जॉन रॉबिन्सन म्हणाले होते की देवाच्या पवित्र वचनातून अजून कितीतरी सत्य आणि प्रकाश बाहेर यायचाय. वचन तेच, पण त्यातून येणारा उजेड थांबलेला नाही, असा त्याचा अर्थ. हे मी मनापासून मानते. १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर यांच्या सभांमधून जी जागृती पसरली, तिच्यामुळे असंख्य साध्या माणसांना वाटलं की देव आपल्याशीही बोलतो. त्या सगळ्यांना भ्रम झाला होता, असं मी म्हणू शकत नाही.

तेव्हा तुमचे यजमान प्रभूने मला स्पर्श केला म्हणतात, ते मी खोटं धरणार नाही. माझं म्हणणं त्याच्या पुढच्या पायरीबद्दल आहे.

पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला एका दमात लिहिलं: आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा. यातलं पहिलं वाक्य तुमचे यजमान पाळकांना ऐकवतायत. तिसरं त्यांनी स्वतःला ऐकवलेलं दिसत नाही. करिंथच्या मंडळीत तर संदेश देणारे अनेक होते. तिथे पौलाचा नियम असा होता की दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी. ज्या मंडळीत आत्म्याची दानं सर्वांत जोरात होती, तिथेच पारख करणाऱ्यांना बसवलं होतं. ‘देवाने सांगितलं’ या शब्दांनी त्या मंडळीत बोलणं सुरू व्हायचं. तुमच्या घरात त्याच शब्दांनी ते बंद केलं जातंय, आणि मला काळजी त्याची आहे.

पारख नेमकी कशाची करायची हे अगब नावाच्या संदेष्ट्याच्या गोष्टीत छान दिसतं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २१. अगब पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो, ज्याचा हा कमरबंद आहे त्याला यरुशलेमेत असं बांधतील. संदेश तेवढाच. ऐकणारे सगळे लगेच रडत म्हणायला लागले की मग जाऊ नकोस. पौल गेला. त्या सगळ्यांनी संदेश एकच ऐकला होता आणि तो खराही होता. पण ‘जाऊ नकोस’ हा अर्थ त्यांच्या प्रेमाने लावलेला होता.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. मी सत्तावीस वर्षांची असताना एका मैत्रिणीची आई फार आजारी होती. मी तिच्यासाठी रात्रभर प्रार्थना केली, आणि पहाटे मनावर अशी शांती उतरली की तशी पुन्हा क्वचितच अनुभवली. सकाळी मी मैत्रिणीला सांगितलं, प्रभूने मला दाखवलंय, आई बरी होणार. दोन महिन्यांनी आई गेली. मी खोटं बोलले नव्हते. शांती खरी होती. ‘बरी होणार’ हे शब्द मी जोडले होते, कारण मला तेच हवं होतं. माझ्या त्या शब्दाच्या भरवशावर मैत्रिणीने आईशी शेवटचं बोलणं केलंच नाही. तिने मला माफ केलं, पण ते बोलणं काही परत आणता आलं नाही. तेव्हापासून ‘प्रभूने सांगितलं’ म्हणताना माझी जीभ अडखळते, आणि ती तशी अडखळत राहावी असंच मला वाटतं.

म्हणून यजमानांना एक वही द्या. तिच्या पहिल्या पानावर त्या पहाटे ऐकलेले शब्द लिहू देत, तेवढेच. दुसऱ्या पानावर त्या शब्दांचा त्यांनी लावलेला अर्थ, आणि तिसऱ्यावर त्यावरून ठरवलेल्या गोष्टी. तुमच्या पत्राप्रमाणे पहिल्या पानावर ‘हे सगळं सोड आणि माझ्यामागे ये’ एवढंच येईल. त्यात घर नाही, नोकरी नाही, तारीख नाही. ‘सगळं’ म्हणजे घर हे आठवडाभरात ठरलं. लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी अगदी या जागेवर बोट ठेवलंय. १५४८ साली पोपची मान्यता मिळालेल्या त्यांच्या साधनेच्या पुस्तकात ते बजावतात की देवाचा स्पर्श झाला तो क्षण वेगळा आणि नंतर मन ऊबदार असतानाचा काळ वेगळा. त्या नंतरच्या काळात माणूस आपल्याच सवयीने, आपल्याच बुद्धीने बेत रचतो, आणि ते बेत अमलात आणण्याआधी नीट तपासायला हवेत. तुमच्या घरातला तो आठवडा मला असाच नंतरचा काळ वाटतो.

ज्याच्यासारखं व्हायचं त्या पौलाचंही त्यांना दाखवा. दिमिष्काच्या दर्शनानंतर तो यरुशलेमेला गेला तोच तीन वर्षांनी. अंत्युखियाच्या मंडळीने उपास-प्रार्थना करून, हात ठेवून त्याला आणि त्याचा सोबती बर्णबा याला सेवेवर पाठवलं ते त्याच्याही बऱ्याच नंतर. आणि करिंथमध्ये सेवा करताना तो तंबू शिवण्याचा धंदा करत होता. थांबायला लागल्याने त्याचं पाचारण विझलं नाही, हाताला काम असल्याने बाटलंही नाही.

प्रवचनकारांबद्दल मी कमी बोलेन, कारण इथे मला शंकाच नाही. सुरुवातीच्या मंडळीतलं ‘बारा प्रेषितांची शिकवण’ नावाचं एक छोटं लिखाण उपलब्ध आहे. फिरते संदेष्टे दारात आले तर काय करायचं ते त्यात दिलंय. आत्म्याच्या नावाने जो ‘मला पैसे द्या’ म्हणेल त्याचं ऐकू नका; दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर गोष्ट वेगळी. विषय इतका जुना आहे. पहिले राजे, अध्याय १३ हाही वाचा. देवाच्या एका माणसाला स्पष्ट आज्ञा होती की ज्या ठिकाणी पाठवलंय तिथे काही खाऊ-पिऊ नकोस. एक वृद्ध संदेष्टा त्याला म्हणाला, मलाही देवदूताने सांगितलंय, माझ्या घरी चल. ते खोटं होतं. तो माणूस गेला, जेवला, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारलं. दुसऱ्याच्या ‘मला देवाने सांगितलं’ला किती किंमत द्यायची, याची ही गोष्ट वाचताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. बीज म्हणून एक पैसाही देऊ नका.

घर दोघांच्या नावावर असेल तर सही करू नका, आणि नसेल तर आजच एखाद्या वकिलाला भेटून तुमचा आणि मुलांचा हक्क काय ते समजून घ्या. हे विश्वासघाताचं काम नाही. आणखी एक गोष्ट, जी विचारणं मला कठीण जातंय: ते रात्री झोपतात का? आवाज एकदाच आला की रोज येतो? बोलण्याचा, खर्चाचा वेग वाढलाय का, की जेवण सुटलंय? यातलं काही असेल तर डॉक्टरांकडे न्या, लवकर. डॉक्टरांना दाखवल्याने देवाचा आवाज पुसला जात नाही.

तसं काही नसेल तर क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथात एक रीत आहे, ती मी तुम्हाला सुचवते. देव अमुक करायला सांगतोय असं ज्याला वाटतं, त्याच्यासोबत चारपाच विश्वासातली माणसं बसतात. सल्ला कुणी द्यायचा नाही. फक्त खरे प्रश्न विचारायचे, आणि मधे शांत बसायचं. या चारपाच जणांत तुमचे पाळक असू देत, आणि यजमानांना ज्यांचा आदर वाटतो असा, देव आजही बोलतो असं मानणारा एखादा जणही असू दे. प्रवचनकार नको; ज्याला त्या घराच्या पैशांतून काही मिळणार आहे असा कुणीच नको. तुम्हीही बसा, तुम्हीही विचारा. साधा प्रश्न विचारा: प्रभूच्या मागे जायचं तर आपल्या घरातलं नेमकं काय आड येतंय? उत्तर घर असेलही. मला वाटतं, ते दुसरंच काहीतरी असेल, आणि ते सांगायला त्यांना थोडा वेळ लागेल.

हे सगळं त्यांना कसं सांगायचं याची तुम्हाला भीती वाटत असणार. मुलं झोपल्यावर, वही हातात देऊन एवढंच म्हणा: ‘प्रभू तुमच्याशी बोलला हे मी नाकारत नाही. मला घाबरायला होतंय, आणि मला तुमच्यासोबत यायचंय, मागे फरफटत नाही. सहा महिने काहीही विकायचं नाही, तोवर आपण दोघं रोज एकत्र विचारू.’ ते लगेच हो म्हणणार नाहीत. वही टेबलावर राहू द्या.

बसायचा दिवस ठरला की मला दोन ओळी लिहा. त्या संध्याकाळी मीही तुमच्या घरासाठी प्रार्थनेला बसेन.